झिजलेला तांब्याचा सेंट: उठाव वेगळा, अंग वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकांना शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी घर सोडून जाताना तंबाखूच्या पत्र्याच्या डबीतून तीन मोठी तांब्याची नाणी दिली. पहिला १७९८ चा अमेरिकन सेंट (डॉलरचा शंभरावा भाग): केस, चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट, पण काळा आणि खडबडीत. दुसरा १८०३ चा: तपकिरी, गुळगुळीत, चांगलाच झिजलेला. तिसऱ्यावर साल दिसतच नाही, नुसती काळी चकती. जवळच्या दुकानदाराने पहिल्याला ‘व्हेरी फाइन’ म्हटलं, दुसऱ्याला ‘गुड’, आणि तिसरं भंगार. सोबत फोटो आणि वजनं आली आहेत: १०.४, १०.२ आणि १२.६ ग्रॅम. दर्जा काय, किंमत काय, आणि साफ करू का, असं विचारलं आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं उशिरा मिळाली तरी बिघडत नाही. साफ करू नका. चिंच नको, लिंबू-मीठ नको, टूथपेस्ट नको, बाजारातली तांबं-पितळ चमकवायची पावडर तर मुळीच नको. लहानपणी साताऱ्याच्या आठवडी बाजारात मला एक शिवराई मिळाली होती. आई घागर घासायची तशी मी ती चिंचेने घासली. ‘श्री राजा शिव’ असं लखलखीत वर आलं की मी गल्लीभर दाखवत फिरलो. ती शिवराई अजून माझ्याकडे आहे. आज तिचा रंग कच्च्या विटेसारखा आहे आणि चाळीस वर्षांत तो सुधारलेला नाही. आम्ल नुसता मळ काढत नाही, तांब्याची वरची साय काढतं. ती परत धरत नाही, धरलीच तर डाग-डाग धरते. फारच चिकट मळ असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश रिमूव्हर वेगळं, त्यात रंग-सुगंध असतात) खिडकी उघडी ठेवून थोडा वेळ बुडवा, काढून हवेत वाळू द्या. पुसू नका.

आता मूळ मुद्दा. तुमच्या दुकानदाराने खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. त्याने फक्त उठाव पाहिला, म्हणजे वर आलेलं चित्र आणि अक्षरं. जुन्या अमेरिकन तांब्यात दोन मापं वेगवेगळी घ्यावी लागतात: उठाव किती शिल्लक आहे हे एक, आणि नाण्याचं अंग, म्हणजे पृष्ठभाग, कसं आहे हे दुसरं. चांदीच्या डॉलरवर वर्षानुवर्षं घालवलेले लोकही इथे गडबडतात, कारण चांदी काळी पडली तरी तिचं अंग सहसा शाबूत राहतं. तांबं जमिनीत, ओलसर भिंतीत, चामड्याच्या पाकिटात खाल्लं जातं.

उठावाची पट्टी १ ते ७० अशी असते. विल्यम शेल्डन या माणसाने १९४९ साली ती मांडली. पेशाने तो मानसशास्त्रज्ञ, माणसांच्या शरीरयष्टीचे प्रकार मोजणारा. मोजायची खोड त्याने नाण्यांनाही लावली. त्याचा हिशेब सरळ होता: एखाद्या प्रकाराचा अगदी पुसलेला, जेमतेम ओळखता येणारा नमुना १ डॉलरचा, तर ८ दर्जाचा ८ डॉलरचा आणि अप्रतिम तो ७० डॉलरचा. हा गुणाकार बाजाराने कधीच मोडीत काढला. आज वरच्या टोकाला किमती अशा उडतात की गुणाकार हास्यास्पद ठरतो. आकडे मात्र राहिले, आणि जगभर सगळ्याच नाण्यांना चिकटले.

तुमच्या पहिल्या दोन्ही नाण्यांवर वस्त्र पांघरलेली, उजवीकडे पाहणारी लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्याचं प्रतीक असलेली स्त्री, आहे. टांकसाळीचा ठसे कोरणारा रॉबर्ट स्कॉट, त्याची ही आकृती सेंटवर १७९६ ते १८०७ चालली. तिचे झिजलेले दर्जे मी असे पाहतो. जी-४ (गुड): आकृतीची बाह्यरेषा, साल आणि ‘लिबर्टी’ हा शब्द वाचता येतो, मागची अक्षरं काठात मिसळायला लागलेली. व्हीजी-८ (व्हेरी गुड): पुढचं-मागचं सगळं लेखन पूर्ण, वस्त्राच्या चुण्यांची चाहूल, केस बहुतेक सपाट, फक्त टोकाच्या बटा मोकळ्या. एफ-१२ (फाइन): केसांचे पदर दिसू लागतात, चुण्या स्पष्ट. व्हीएफ-२० (व्हेरी फाइन): बहुतेक केस आहेत, कपाळाजवळ आणि खांद्यावर तेवढी झीज. या आकृतीवर आधी झिजतं ते कपाळालगतचे केस आणि खांदा, म्हणून नजर आधी तिथे टाकायची.

एक फसगत मात्र नेहमीची आहे. सपाट दिसतं ते सगळं झिजलेलं नसतं. फिलाडेल्फियाच्या त्या टांकसाळीत हाताने फिरवायच्या स्क्रू-प्रेसवर ठोका कमीजास्त पडायचा, ठसे तडकेपर्यंत वापरायचे. खांदा सपाट वाटला तर नाणं उलटून बरोबर त्याच्या पाठीमागची जागा बघा. तिथेही दोनचार अक्षरं फिकी असतील आणि बाजूच्या बटा मात्र तीक्ष्ण असतील, तर धातू ठशाच्या खोलात गेलाच नाही, तो ठोक्याचा कमकुवतपणा. झीज अशी एका जागी बसत नाही, उंच भागांवरून सारखी फिरते. ठोक्याच्या कमकुवतपणासाठी दर्जा पुष्कळसा कापत नाहीत. झिजेसाठी कापतात.

अंग बघायला भिंग १० पटीपर्यंतचं पुरे. त्याहून मोठं घेतलं तर प्रत्येक नाणं चंद्रासारखं खड्डेदार दिसतं आणि माणूस उगाच खचतो. टेबलावर एकच दिवा, नाणं बोटांच्या चिमटीत कडेने धरून हळूहळू तिरकं करायचं. ज्याचं अंग चांगलं आहे त्यावर प्रकाश तेल लावलेल्या लाकडावरून सरकतो तसा सरकतो. जे नाणं सूक्ष्म छिद्रांनी भरलंय त्यावर प्रकाश नुसता शोषला जातो, नाणं सिमेंटसारखं निस्तेज राहतं. रंगापेक्षा मी आधी ही चाल पाहतो. चॉकलेटी, ऑलिव्ह, पोलादी तपकिरी, सगळे रंग चालतात, पण प्रकाश सरकला पाहिजे. नंतर ओरखडे: जुन्या ओरखड्याच्या तळाशी बाकी नाण्याचाच रंग असतो, नव्याच्या तळाशी तांबूस. मग काठावरचे ठेचे, हिरव्या गंजाचे ठिपके, कुणी खिळ्याने कोरलेली आद्याक्षरं.

जुन्या तांब्यांच्या संग्राहकांची अमेरिकेत स्वतंत्र संस्था आहे, अर्ली अमेरिकन कॉपर्स, १९६७ पासूनची. अंगाची वर्गवारी तिथे तीन शब्दांत होते: चॉइस, ॲव्हरेज आणि स्कड्झी. या शेवटच्या शब्दाचं भाषांतर मी कधी करत नाही. उच्चारातच नाण्याची कळा दिसते. उठावाचा आकडा आधी लिहायचा, मग दोषांसाठी तो खाली आणून ‘नेट’ आकडा लिहायचा, ही त्यांची रीत. ‘व्हीएफ-२० उठाव, नेट व्हीजी-८’ असं लिहिलं की दोन्ही गोष्टी वाचणाऱ्याला कळतात.

किती उतरवायचं याला सूत्र नाही. मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: हे खडबडीत व्हीएफ देऊन एखादा जाणकार, कुरकूर न करता, कोणत्या दर्जाचं निर्दोष नाणं बदल्यात घेईल? तो आकडा म्हणजे नेट.

आता तुमचा १७९८. फोटोत केसांचे पदर मोजता येतात, कानाची पाळी दिसते, वस्त्राच्या चुण्या आहेत. उठाव म्हणून दुकानदाराचं व्हीएफ-२० मीही मान्य करीन. पण ‘लिबर्टी’तल्या ई आणि आरच्या मधली जागा मोठी करून पाहा. टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत, काही एकमेकांत मिसळलेत, आणि गालावर तर पट्टाच उतरलाय. हे नाणं बराच काळ मातीत होतं. मागच्या बाजूला माळेची डावी फांदी मात्र ठीक आहे, त्यामुळे अगदीच तळाला न्यायची गरज नाही. माझं उत्तर: उठाव व्हीएफ-२०, अंग स्कड्झी, नेट व्हीजी-७ किंवा ८.

१८०३ चा उलटा मामला. केस सपाट, पण शब्द पूर्ण, साल पूर्ण, मागे ‘ऑफ अमेरिका’तलं एकही अक्षर काठाने गिळलेलं नाही. ‘गुड’ म्हणणं अन्यायाचं आहे, हे व्हीजी-८ आहे. अंग मध्यम तपकिरी, प्रकाश सरकतो, ११ वाजण्याच्या जागी काठावर एक जुना ठेचा. त्यासाठी मी काहीही कापणार नाही. म्हणजे नेट व्हीजी-८. दुकानदाराच्या लेखी दोन नाण्यांत तीन पायऱ्यांचं अंतर होतं, माझ्या लेखी ती एकाच पायरीवर उभी आहेत, आणि विकायला बसलात तर दुसरं आधी जाईल. खिशातून खिशात फिरून प्रामाणिकपणे झिजलेल्या नाण्याला गिऱ्हाईक असतं. मी स्वतः पहिलं फुकट मिळालं तर घेईन, दुसरं पैसे देऊन घेईन.

सीलबंद प्लास्टिक डब्यांतला दर्जा याहून वेगळा बोलतो, ते लक्षात ठेवा. पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून, दर्जा लिहून डबीत बंद करून देणाऱ्या कंपन्या तुमच्या १७९८ ला बहुधा आकडा देणारच नाहीत, ‘व्हीएफ डिटेल्स, खराब पृष्ठभाग’ अशा अर्थाची चिठ्ठी लावतील. आणि निर्दोष नाण्यालाही त्यांचा आकडा तांब्यांच्या संग्राहकांपेक्षा एखाद-दोन पायऱ्या चढा असतो. त्यामुळे ऑनलाइन किंमत शोधताना कोणाच्या मापातला व्हीएफ आहे हे न पाहता आकडा उचललात तर स्वतःचीच फसवणूक कराल. या दोन नाण्यांसाठी तपासणीची फी भरणं मला परवडणारं वाटत नाही.

किमतीआधी प्रकार ओळखायला हवा. त्या काळी प्रत्येक ठशात अक्षरं आणि आकडे पंचने एकेक ठोकून बसवत. त्यामुळे दोन ठसे सारखे येत नाहीत, आणि अक्षरांच्या जागांवरून ठशांची जोडी ओळखता येते. १७९३ ते १८१४ च्या सेंटना शेल्डनचे १ ते २९५ क्रमांक आहेत. एकट्या १७९८ चेच चाळिसाहून अधिक प्रकार. दुर्मीळता आर-१ ते आर-८ अशी मोजतात: आर-१ म्हणजे साडेबाराशेहून जास्त नमुने माहीत, आर-५ म्हणजे ३१ ते ७५, आर-८ म्हणजे एक ते तीन. तुमच्या १७९८ मध्ये आधी शेवटच्या ८ च्या पोटात ७ चे अवशेष आहेत का पाहा. मला फोटोत दिसत नाहीत, पण खड्ड्यांमुळे शपथ घेणार नाही. १८०३ मध्ये दोन गोष्टी एकत्र पाहायच्या: सालातला १ बोथट आहे की टोकदार, आणि मागे माळेखालच्या १/१०० या अपूर्णांकाचे आकडे लहान की मोठे. टोकदार १ म्हणजे मोठं साल, म्हणजे सालाचे आकडे मोठे. मोठं साल आणि लहान अपूर्णांक ही जोडी दुर्मीळ आहे आणि झिजलेलीही हजारोंत जाते. तुमचा १ बोथट आहे. हळहळू नका, बहुतेकांचा बोथटच असतो.

वजनांचंही बघू. १७९३ ला सेंट २०८ ग्रेनचा, म्हणजे १३.४८ ग्रॅमचा ठरला होता. तांबं महागलं तसं १७९५ च्या अखेरीस तो १६८ ग्रेनवर, १०.८९ ग्रॅमवर आणला. तुमची १०.४ आणि १०.२ ही पातळ चकतीची, झीज जमेस धरून अगदी बरोबर वजनं. या काळातल्या पुष्कळ चकत्या टांकसाळ बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून तयार मागवायची. आपल्याकडच्या संग्राहकांना हे नाव परकं नाही: ईस्ट इंडिया कंपनीचे तराजूच्या छापाचे १७९१ आणि १७९४ चे मुंबई इलाख्याचे पैसे त्याच्याच सोहो टांकसाळीत पाडले होते. आजोळी ज्यांच्याकडे तसा एखादा तराजूचा पैसा आहे त्यांनी तो शेजारी ठेवून १७९८-१८०० च्या चांगल्या सेंटचं अंग पाहावं. तांब्याचा गुळगुळीतपणा कसा असतो ते हाताला लगेच कळतं. त्याउलट १८०८ ते १८१४ च्या सेंटचं तांबं मऊ आणि भुसभुशीत, ते काळे न पडले तरच नवल. तिथे मी अंगाच्या बाबतीत थोडा हात सैल सोडतो.

आणि आता ते भंगार. १२.६ ग्रॅम. झिजून नाणं हलकं होतं, जड होत नाही. १०.८९ ची चकती १२.६ कधीच भरणार नाही. म्हणजे ही जाड चकती आहे, १७९३ ते १७९५ मधली. तुम्ही न्यू जर्सीत आहात म्हणून घोड्याच्या मुंडक्याचं आणि नांगराचं १७८६-८८ चं राज्याचं तांबं असेल का, असाही विचार केला. पण त्याचं प्रमाण वजन १५० ग्रेन, दहा ग्रॅमच्याही आत. तेही बाद.

पुढची पायरी कड. नाण्याचा काठ नव्हे, जाडी दिसते ती कड. नाणं उभं धरून तिरक्या उजेडात गोल फिरवा. १७९३ च्या साखळीच्या सेंटच्या कडेवर वेल आणि पट्ट्या असतात. त्यानंतरच्या माळेच्या सेंटमध्ये वेलही सापडते, अक्षरंही. काठीवर टोपी घेतलेल्या लिबर्टीच्या जाड सेंटवर ‘वन हंड्रेड फॉर अ डॉलर’ अशी अक्षरं. तुमच्या तिसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात कड अर्धी दिसते, तिथे मला ‘एच यू एन’ वाचता येतंय, निदान वाचल्यासारखं वाटतंय. पुढच्या बाजूला डोक्यामागे खांद्यापासून वर जाणारी एक फिकी तिरकी रेघ आहे. ती काठी असेल, तर हा लिबर्टी कॅप सेंट, बहुधा १७९४ किंवा ९५.

मागची बाजू काठाजवळ नीट पाहा. १७९४ च्या एका ठशावर, शेल्डन ४८ वर, काठाच्या दातांमधून ९४ बारीक चांदण्या आहेत. का, हे आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. काठ आधी झिजत असल्याने अशा नाण्यावर सगळ्या दिसणार नाहीत, पण दोनतीन जरी दिसल्या तरी दुकानदाराचं ‘भंगार’ काही हजार डॉलरचं होतं. शक्यता फार कमी, पण पाच मिनिटांचं काम आहे.

साखळीचा सेंट असता तर एक मौज झाली असती. त्याची मागची साखळी ठसठशीत उठावाची, पुढची आकृती उथळ. पुष्कळ नमुन्यांत पुढे साल, शब्द, चेहरा सगळं गेलेलं असतं आणि मागे साखळी खणखणीत. अशा वेळी दोन बाजूंना दोन वेगळे दर्जे लिहायचे. साल नसलेला, पण साखळी असलेला तो सेंटही हजारोंत विकला जातो.

वाचकांपैकी कुणी डबीत १७९९ सापडला म्हणून उड्या मारत असेल तर थांबा. मीही मारल्या होत्या. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे १७९९, काळा, जी-४, पडत्या भावात. ते साल खरंच दुर्मीळ आहे आणि खरे नमुनेही बहुतेक काळे-खडबडीतच मिळतात, म्हणून रंगाने संशय आला नाही. घरी येऊन ‘लिबर्टी’च्या अक्षरांच्या जागा जुळवल्या. १७९९ चे दोनच प्रकार आहेत, शेल्डन १८८ आणि १८९, आणि माझं नाणं दोन्हींशी जुळेना. जुळलं ते १७९८ च्या एका साध्या प्रकाराशी. कुणीतरी कधीकाळी शेवटच्या ८ चा ९ केला होता. भिंगाखाली ९ च्या बुडाशी कोरलेल्या जागी रंग वेगळा दिसत होता, जो मी प्रदर्शनात दहा वेळा पाहूनही पाहिला नव्हता. विक्रेत्याने परत घेतला नाही. १८०४ ची परीक्षा याहून सोपी: खऱ्या नाण्यात सालातलं शून्य मागच्या बाजूच्या ‘ऑफ’मधल्या ‘ओ’च्या बरोबर पाठीशी येतं.

किंमत. छापील दरपत्रकं दिशा दाखवतात, त्यापलीकडे झिजलेल्या तांब्यात उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांनी अंग चांगलं धरलेलं असतं. लिलावांचे जुने निकाल फोटोंसह ऑनलाइन आहेत. साल, शेल्डन क्रमांक आणि नेट दर्जा जुळवून सातआठ निकाल काढा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडा. त्या आकड्यांत खरेदीदाराने भरलेलं कमिशन बहुधा धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हातात तेवढं पडत नाही. दुकानदार तर आणखी कमी देणार, त्यालाही चूल पेटवायची आहे. या हिशेबाने साध्या प्रकाराचा तुमचा १८०३ शंभर डॉलरच्या आगेमागे, १७९८ तेवढाच किंवा किंचित कमी. क्रमांक ओळखल्यावर एखादा आर-५ निघाला तर गणित बदलेल. तिसऱ्याला, तो लिबर्टी कॅपच असेल आणि दुसरं काही निघालं नाही तरी, पन्नास-शंभर डॉलर देणारा संग्राहक भेटतो.

तिसऱ्या नाण्याच्या कडेचे चार बाजूंनी फोटो पाठवा, दिवा अगदी खाली, टेबलाला लागून ठेवून. तोवर तिन्ही नाणी वेगवेगळ्या कागदी पाकिटांत, आत मऊ सुती अस्तर घालून ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या तांब्याला हिरवा चिकटा आणतात. आणि ती तंबाखूची डबी पुन्हा उघडून तळाशी पाहा. जुने संग्राहक नाण्याबरोबर दोन इंचांचं चौकोनी पाकीट ठेवायचे, त्यावर शाईने क्रमांक, खरेदीचं साल, कधी आधीच्या मालकाचं नाव. नाणी बाहेर काढताना तसा एखादा पिवळा कागद कचऱ्यात गेला असेल, तर केराची टोपली रिकामी व्हायच्या आत शोधा.